ऑटोफॅजीचा ओघ दाखवणारे जोडरंगी किट : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

गेले वर्षभर आमच्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑटोफॅजी मोजण्यासाठी एक तयार किट वापरात आहे. खोक्यात चार गोष्टी येतात. पहिली, एलसी३ या प्रथिनाला लाल आणि हिरवे अशी दोन प्रतिदीप्त प्रथिने जोडून तयार केलेले जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या बॅक्युलोव्हायरसचे द्रावण; दुसरी, त्याच जनुकातील एक अमिनो आम्ल बदलून बनवलेले नियंत्रणाचे द्रावण; तिसरी, पेशीतील पचन अडवणाऱ्या क्लोरोक्विनची छोटी कुपी; आणि चौथी, वापराची पुस्तिका. असे किट एकापेक्षा अधिक उत्पादकांकडे मिळते आणि मूळ कल्पना सगळीकडे सारखीच आहे, म्हणून उत्पादकाचे नाव येथे देत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : किट उत्तम आहे, पण ते कशामुळे उत्तम आहे हे पुस्तिकेने नीट सांगितलेले नाही, आणि केवळ पुस्तिकेवर विसंबून काम केल्यास याच किटमधून अगदी उलटा निष्कर्ष निघू शकतो.

हे समजण्यासाठी किट नेमके काय मोजू पाहते ते आधी पाहावे लागेल. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःच्याच पेशीद्रवाचा काही भाग, त्यातली जुनी प्रथिने, बिघडलेल्या तंतुकणिका वगैरे, पटलात वेढून घेऊन पचवणे. १९५५ मध्ये लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पाचक कप्प्याचा, शोध लावणारे ख्रिश्चन द डूव्ह यांनीच १९६३ मध्ये या क्रियेला हे नाव दिले. पेशीला अमिनो आम्ले कमी पडू लागली की एमटॉर या नियंत्रक संकुलाने यूएलके१ या एन्झाइमवर ठेवलेला लगाम सैल होतो. यूएलके१ कामाला लागले की व्हीपीएस३४ हे दुसरे एन्झाइम अंतर्द्रव्यजालिकेच्या लगत एका विशिष्ट फॉस्फोलिपिडची खूण उमटवते आणि त्या खुणेपाशी द्रोणासारखे एक खोलगट पटल वाढू लागते. एटीजी२ हे प्रथिन जालिकेतील मेदरेणू या नव्या पटलाकडे वाहून आणते, तर एटीजी९ ते रेणू पटलाच्या दोन्ही थरांत वाटून देते. द्रोणाच्या कडा वाढत वाढत एकमेकींना मिळाल्या की आतला माल दुहेरी पटलात बंदिस्त होतो; हाच ऑटोफॅगोसोम, सस्तन प्राण्यांच्या पेशीत साधारण अर्धा ते दीड मायक्रोमीटर व्यासाचा. पुढे तो लायसोसोमशी एकरूप होतो, लायसोसोममधली आम्लता आणि एन्झाइमे आतले पटल व माल दोन्ही पचवतात, आणि सुटलेली अमिनो आम्ले पेशीद्रवात परत येतात.

या सगळ्या साखळीत मोजणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी प्रथिन एलसी३ हे आहे. ते एरवी पेशीद्रवात मोकळे असते. एटीजी४ हे एन्झाइम त्याचे शेवटचे टोक छाटते, त्यामुळे १२० व्या जागेवरचे ग्लायसीन उघडे पडते. मग एटीजी७ आणि एटीजी३ मिळून त्या ग्लायसीनला एक मेदरेणू जोडतात आणि एलसी३ वाढत्या पटलाला घट्ट चिकटते. मोकळ्या रूपाला एलसी३-१ आणि चिकटलेल्या रूपाला एलसी३-२ म्हणतात. यीस्टमधील एटीजी८ चे हे सस्तन प्राण्यांतील भावंड ऑटोफॅगोसोमवर बसते, हे तामोत्सु योशिमोरी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले, आणि त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांची मोजणी बहुतांशी या एका प्रथिनाभोवती फिरू लागली. चिकटलेले एलसी३ सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखे दिसते, मोकळे एलसी३ धूसर पसरलेले दिसते. ठिपके मोजा आणि ऑटोफॅजी मोजा, इतके हे सोपे वाटते.

अडचण नेमकी येथेच आहे. मोरीत पाणी साचलेले दिसले तर वरून पाणी जास्त येत आहे की खालचा निचरा तुंबला आहे, हे नुसते पाण्याकडे पाहून सांगता येत नाही. ठिपक्यांचेही तसेच आहे. ऑटोफॅगोसोम जास्त तयार होऊ लागले तरी ठिपके वाढतात, आणि तयार झालेले ऑटोफॅगोसोम लायसोसोमपर्यंत पोहोचेनात किंवा तिथे पचेनात तरीही ठिपके वाढतात. पहिल्या स्थितीत ऑटोफॅजी जोरात चालू आहे, दुसऱ्या स्थितीत ती अडली आहे. चित्र मात्र एकच. म्हणून या क्षेत्रातील जाणकार संख्येऐवजी ओघाविषयी बोलतात, म्हणजे ठरावीक वेळात किती माल पेशीद्रवातून उचलला जाऊन खरोखर पचला याविषयी. ऑटोफॅजी मोजण्याच्या पद्धतींची जी सामायिक मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०२१ मध्ये ज्यांची चौथी आवृत्ती आली, त्यांतही याच भेदावर सातत्याने भर दिलेला आहे.

ऑटोफॅजीचा आधुनिक इतिहासही निचरा मुद्दाम अडवण्यापासूनच सुरू होतो, आणि हे मला नेहमीच अतिशय सुंदर वाटत आले आहे. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या, पण त्यासाठी निवडल्या त्या पोकळीतील, म्हणजे यीस्टमध्ये लायसोसोमचे काम करणाऱ्या कप्प्यातील, पाचक एन्झाइमे नसलेल्या. माल पोकळीपर्यंत आला, पण पचला नाही. त्यामुळे पोकळीत गोल पिंड साचत गेले आणि साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकालाही दिसू लागले. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ज्या यीस्टमध्ये असे पिंड साचत नाहीत ते शोधून ऑटोफॅजीसाठी आवश्यक पंधरा जनुकांचा माग काढला, आणि या कामासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जे क्षणात पचून नाहीसे होते ते पाहायचे तर पचन थांबवून पाहावे, ही त्यातली युक्ती. आमच्या किटमधील क्लोरोक्विनची ती दुर्लक्षित कुपी याच युक्तीची वारस आहे, पण पुस्तिकेत तिचा उल्लेख ‘ऐच्छिक’ या शब्दाने केला आहे. तो शब्द मला मान्य नाही.

हे किट घेण्याआधी आम्ही एक वेगळे, स्वस्तातले रंगद्रव्याचे किट वापरत होतो. त्यातील रंगद्रव्य पेशीत शिरून आम्लधर्मी कप्प्यांत साचते आणि चमकते. काम अर्ध्या तासात आटोपते, विषाणू नको, जनुक नको. पण अशी रंगद्रव्ये ऑटोफॅगोसोमइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, साध्या लायसोसोममध्ये साचतात, आणि पेशीत लायसोसोम वाढले की ऑटोफॅजी वाढल्यासारखे दिसते. आमच्याकडे त्या वेळी एका लहान रेणूवर काम चालू होते. रंगद्रव्याने सांगितले की हा रेणू ऑटोफॅजी जोरदार वाढवतो. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने जेलमध्ये वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, एलसी३-२ चा बँडही ठळक झाला. दोन पुरावे जुळले म्हणून आम्ही आनंदात होतो, आणि एका विद्यार्थिनीने त्यावर पुढचे चार महिने घालवले. पी६२ हे प्रथिन माल ओळखून ऑटोफॅगोसोममध्ये आणते आणि त्याच्याबरोबर स्वतःही पचते, म्हणून ऑटोफॅजी वाढली की ते कमी व्हायला हवे. आमच्या ब्लॉटवर ते वाढत होते. पी६२ चे जनुकच अधिक चालू झाले असेल, असे म्हणून आम्ही ते बाजूला सारले. तसे होऊ शकते हे खरे, पण आम्ही ते तपासले नव्हते.

जोडरंगी किट आल्यावर पहिला प्रयोग याच रेणूवर केला. किटचे तत्त्व असे : हिरवे प्रथिन आम्लात विझते, त्याची चमक पीएच सहाच्या आसपास निम्म्यावर येते; लाल प्रथिन मात्र लायसोसोमच्या साडेचार ते पाच पीएचमध्येही चमकत राहते. त्यामुळे अजून लायसोसोमला न मिळालेल्या ऑटोफॅगोसोमवर दोन्ही रंग एकत्र येऊन पिवळा ठिपका दिसतो, आणि लायसोसोमशी एकरूप होऊन आम्ल झालेल्या कप्प्यात फक्त लाल उरतो. ही रचना २००७ मध्ये योशिमोरी यांच्याच गटाने मांडली. एका चित्रात आवक आणि निचरा दोन्ही वेगळे दिसावेत, ही त्यामागची कल्पना आहे. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) अमिनो आम्लविरहित क्षारद्रावणात दोन तास ठेवल्या तेव्हा पिवळे आणि लाल दोन्ही ठिपके वाढले, त्यातही लाल अधिक. म्हणजे माल भरला जात होता आणि पुढे पोहोचतही होता. आमच्या लाडक्या रेणूने मात्र पेशी पिवळ्या ठिपक्यांनी भरून टाकल्या आणि लाल जवळजवळ नाहीसे केले. नंतर उलगडले की तो रेणू क्षीण अल्कधर्मी असून लायसोसोममध्ये साचतो आणि तेथील आम्लता घालवतो. तो ऑटोफॅजी वाढवत नव्हता, अडवत होता. चार महिन्यांचे काम एका दुपारच्या चित्रांनी उलटे झाले, आणि त्याबद्दल मी या किटचा मनापासून ऋणी आहे.

आता वापरातले बारकावे. विषाणूचे द्रावण चार अंशांवर, उजेडापासून दूर ठेवायचे असते. ते गोठवू नये. बॅक्युलोव्हायरस हा मुळात कीटकांचा विषाणू असल्याने मानवी पेशीत तो वाढत नाही, फक्त जनुक पोहोचवतो, त्यामुळे हाताळणी सोपी आहे. संध्याकाळी द्रावण घातले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चमक पुरेशी येते आणि काही दिवस टिकते. हेला आणि एचईके२९३ पेशींत उत्तम काम झाले. प्राथमिक चेतापेशींत फारच थोड्या पेशी चमकल्या, तेथे हे किट घेऊ नये.

मात्रा किती घालावी याबाबत पुस्तिका उदार आहे आणि तसे असू नये. एलसी३ पेशीत गरजेपेक्षा जास्त बनले की त्याचे गोळे होतात, आणि गोळेही ठिपक्यांसारखेच दिसतात. यासाठीच किटमध्ये नियंत्रणाचे द्रावण दिले आहे. त्यातील एलसी३ मध्ये १२० व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलानीन असते, त्यामुळे ते छाटले जात नाही आणि पटलाला चिकटूही शकत नाही. या नियंत्रणात ठिपके दिसले तर ते ऑटोफॅगोसोम नव्हेत, हे निश्चित. आम्ही पुस्तिकेतील मात्रा वापरली तेव्हा नियंत्रणातही ठिपके दिसले. मात्रा एकतृतीयांश केल्यावर ते गेले. इतके मोलाचे नियंत्रण असूनही त्याची कुपी मुख्य द्रावणाच्या अर्ध्याच आकारमानाची आहे, ही माझी खरी तक्रार आहे, कारण प्रत्येक नव्या पेशीप्रकारासाठी मात्रा नव्याने ठरवावी लागते आणि त्यात नियंत्रण आधी संपते.

पुस्तिकेचा दुसरा, अधिक गंभीर दोष म्हणजे पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून नंतर सवडीने पाहण्याची मुभा. पेशी स्थिर केली की लायसोसोमची आम्लता टिकत नाही, भोवतीचे तटस्थ द्रावण आत शिरते, आणि अजून न पचलेले हिरवे प्रथिन पुन्हा चमकू लागते. जो ठिपका जिवंत पेशीत लाल होता तो आता पिवळा दिसतो, आणि सुरळीत ओघ अडल्यासारखा वाटतो. आम्ही एकाच पेटरी डिशमधील पेशी आधी जिवंत आणि मग स्थिर करून पाहिल्या, तेव्हा फरक डोळ्यांनी कळण्याइतका होता. ज्यांच्याकडे जिवंत पेशी पाहण्याची सोय असलेला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही, त्यांनी हा विचार आधी करावा.

क्लोरोक्विनविषयीही थोडे. ते लायसोसोमची आम्लता कमी करते आणि ऑटोफॅगोसोमचे लायसोसोमशी मिलनही रोखते, म्हणून निचरा अडवायला ते चालते. पण ते पेशीत आणखी एक गोंधळ करते : एलसी३ ला ऑटोफॅजीशी संबंध नसलेल्या, एकेरी पटलाच्या कप्प्यांवरही चिकटवते. बॅफिलोमायसिन ए१ लायसोसोममध्ये प्रोटॉन ढकलणारा पंपच थांबवते आणि हा विशिष्ट गोंधळ करत नाही. म्हणून आम्ही किटमधील कुपी बाजूला ठेवून १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन दोन तास देतो. त्याहून जास्त वेळ दिल्यास पेशीची इतर कामेही विस्कटतात. तपासायच्या रेणूबरोबर बॅफिलोमायसिन दिल्यावर ठिपके आणखी वाढले तर रेणूने खरोखर आवक वाढवली आहे. मुळीच वाढले नाहीत तर रेणूने निचरा आधीच अडवलेला होता. ही चौकट, म्हणजे रेणूसह आणि रेणूविना, बॅफिलोमायसिनसह आणि त्याविना, अशा चारही डिश लावल्याशिवाय मी आता कोणाचेही चित्र मान्य करत नाही.

लाल ठिपक्यांच्या बाबतीतही सावध राहावे लागते, आणि हे शिकायला आम्हाला बराच वेळ लागला. लाल प्रथिन लायसोसोमच्या एन्झाइमांना चिवटपणे तोंड देते, त्यामुळे ते लवकर नाहीसे होत नाही. लाल ठिपका ‘आता माल पोहोचत आहे’ असे सांगत नाही, ‘कधीतरी पोहोचला होता’ एवढेच सांगतो. ऑटोफॅजी थांबल्यावरही काही तास लाल ठिपके तसेच राहतात. म्हणून एका क्षणाचे चित्र न घेता ठरावीक अंतराने चित्रे घ्यावीत आणि बदलाकडे पाहावे. तसेच पिवळा ठिपका म्हणजे लायसोसोमला न मिळालेला ऑटोफॅगोसोमच असेल असेही नाही. मिलन झालेला पण आम्ल न झालेला कप्पाही पिवळाच दिसतो. आमच्या रेणूने मिलन अडवले की केवळ आम्लता घालवली, हे या किटने सांगितले नाही. त्यासाठी लायसोसोमवरील लॅम्प१ या प्रथिनाची अँटिबॉडी वापरून वेगळा प्रयोग करावा लागला.

मग साध्या वेस्टर्न ब्लॉटला हे किट पर्याय आहे का? माझ्या मते नाही, दोन्ही लागतात. ब्लॉटमध्ये पेशीचे स्वतःचे एलसी३ मोजले जाते, बाहेरून घातलेले नाही, आणि एका पेशीऐवजी लाखो पेशींची सरासरी मिळते. मेदरेणू जोडल्यामुळे खरे तर जड झालेले एलसी३-२ जेलमध्ये एलसी३-१ च्या पुढे पळते, आणि दोन बँड सुटे दिसतात. येथेही अनेक जण दोन बँडांचे गुणोत्तर काढतात, ते टाळावे : अँटिबॉडी दोन्ही रूपांना सारख्या जोराने धरत नाही, आणि एलसी३-१ नमुना वारंवार गोठवून वितळवल्यास सहज नष्ट होते. एलसी३-२ ची तुलना अ‍ॅक्टिनसारख्या स्थिर प्रथिनाशी करावी आणि बॅफिलोमायसिनसह व त्याविना आलेल्या आकड्यांमधील फरक पाहावा. प्रथिन लहान असल्याने ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा वापरावा, नाहीतर ते पडद्यातून आरपार जाते आणि बँड फिका येतो.

मोठ्या प्रमाणावर, म्हणजे शेकडो रेणू एकदम तपासायचे असतील तर ठिपके मोजणारे हे किट संथ पडते. त्यासाठी नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेली रचना अधिक सोयीची आहे : पेशीत एकच प्रथिन बनते आणि एटीजी४ त्याचे दोन तुकडे करते, त्यातला हिरवा तुकडा ऑटोफॅजीत पचतो आणि लाल तुकडा पेशीद्रवात तसाच राहून मोजपट्टीचे काम करतो. हिरव्या-लाल चमकेचे गुणोत्तर घसरले की ओघ वाढला. त्यात ठिपके मोजावे लागत नाहीत, एकेका पेशीची चमक झपाट्याने मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवरही काम होते. पण आवक अडली की निचरा, हे त्यातून लगेच दिसत नाही, आणि नेमके तेच आमचे जोडरंगी किट डोळ्यांपुढे ठेवते.

नव्याने घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात स्वतःच्या रेणूला हात लावू नये. एलसी३ पटलाला चिकटण्यासाठी लागणारे एटीजी५ जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळवाव्यात, त्यांत आणि साध्या पेशींत मुख्य व नियंत्रण दोन्ही द्रावणे घालावीत, आणि एटीजी५ नसलेल्या पेशीत उपाशी ठेवूनही ठिपके दिसेनासे होईपर्यंत मात्रा कमी करत न्यावी. ठिपके मोजणाऱ्या व्यक्तीला कोणती डिश कोणती हे ठाऊक नसावे. आमच्याकडे हे काम दोन जण स्वतंत्रपणे करतात आणि मोजणी जुळली नाही तर मूळ चित्रे पुन्हा उघडतात.

पुढच्या मागणीबरोबर आम्ही उत्पादकाला दोन विनंत्या लिहून पाठवल्या आहेत : नियंत्रणाची कुपी मुख्य द्रावणाइतकीच मोठी द्यावी, आणि पुस्तिकेत निचरा अडवण्याच्या पायरीपुढचा ‘ऐच्छिक’ हा शब्द काढावा. कुपीबाबत होकार आला आहे. त्या शब्दाबाबत अजून उत्तर आलेले नाही.